छायाचित्रांपुढील प्रेक्षक

रंगचित्रापुढे ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे मोकळेपणाने सांगणारा माणूस छायाचित्रापुढे मात्र निर्धास्त असतो. त्यातील माणसे, घरे, रस्ते त्याच्या ओळखीचे असतात. या ओळखीमुळेच तो कलाकृतीचा विचार बाजूला ठेवून तिच्यातील माणसाविषयी निवाडा देऊ लागतो. अमेरिकन छायाचित्रकार डियान आर्बस (१९२३-१९७१) यांना लाभलेला प्रेक्षकवर्ग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात नव्याने आलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले. त्यात आर्बस यांची मोजकी छायाचित्रे होती. त्यांवर प्रेक्षक थुंकत, आणि रोज सकाळी लवकर येऊन ती थुंकी पुसावी लागे, अशी आठवण तेथील छायाचित्र विभागाच्या ग्रंथपालाने पुढे सांगितली. १९७१ मध्ये आर्बस यांनी आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी त्याच संग्रहालयाने त्यांची ११२ छायाचित्रे मांडली, तेव्हा ती पाहण्यासाठी प्रेक्षकांची रीघ लागली. अवघ्या सात वर्षांत थुंकीची जागा रांगेने घेतली. मग प्रेक्षकांची समज वाढली, की त्यांची नजर सरावली?

मुळात थुंकण्याइतका संताप का यावा? स्त्रीवेष करणारे पुरुष, सर्कशीतील कलावंत, ठेंगू व महाकाय माणसे असे समाजाने कडेला सारलेले लोक आर्बस यांनी टिपले, हे एक कारण. पण ते पुरेसे नाही. १९६२ च्या सुमारास त्यांनी दोन भिंगांचा, कमरेशी धरून वरून पाहण्याचा कॅमेरा हाती घेतला. या कॅमेऱ्यामागे छायाचित्रकाराचा चेहरा लपत नाही. दोन माणसे समोरासमोर उभी राहतात. म्हणूनच त्यांच्या छायाचित्रांतील माणसे बहुधा नजर न चुकविता सरळ समोर पाहतात. चोरून पाहण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. तो पाहतो तसा पाहिलाही जातो, आणि हेच त्याला सोसत नाही.

याउलट, १९५५ मध्ये याच संग्रहालयात एडवर्ड स्टायकेन यांनी मांडलेल्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनात ६८ देशांतील ५०३ छायाचित्रे होती. १९५६ मध्ये ते मुंबईकरांनीही पाहिले. जन्म, विवाह, श्रम, मृत्यू सर्वत्र सारखेच, मानवजात एकच, असा दिलासा घेऊन प्रेक्षक घरी जाई. आर्बस असा दिलासा देत नाहीत.

सूझन सोंटॅग यांनी ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) या ग्रंथात आर्बस यांच्यावर कठोर टीका केली. अशी चित्रे पाहून पाहून माणूस सहृदय होत नाही. उलट भयंकराचीही त्याला सवय होते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख आहे. हा आक्षेप सहज झटकून टाकता येणार नाही. रांगेत उभा राहिलेला प्रत्येक जण सहानुभूतीनेच आला होता, असे कोण म्हणेल? जत्रेतील तंबूपुढेही रांग लागतेच.

तथापि, दोष चित्राचा किती आणि पाहणाऱ्याच्या घाईचा किती, हेही तपासले पाहिजे. १९७० चे त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र घ्यावे. ब्राँक्समधील एका घरात एक महाकाय तरुण काठी टेकून, छताखाली वाकून उभा आहे; शेजारी त्याचे आईवडील. पहिल्या दृष्टिक्षेपात दिसते ती त्याची उंची. थोडे थांबल्यावर पडदे, दिवे, बैठक असा साधा दिवाणखाना दिसू लागतो. आणखी थांबल्यावर मान वर करून मुलाकडे पाहणारी आई दिसते. आर्बस यांचा या तरुणाशी सुमारे दहा वर्षांचा परिचय होता. दहा वर्षांच्या परिचयातून साधलेल्या चित्राला दहा सेकंद देणाऱ्याला केवळ नवल दिसले, तर त्यात आश्चर्य नाही.

थुंकणे आणि नुसते नवल करणे या दोन्ही माणसाला दूर ठेवण्याच्याच रीती आहेत. वेगळ्या माणसाकडे, दया वा किळस यांचा आडोसा न घेता, पाहत राहणे अवघड असते. रस्त्यात ते साधत नाही, कारण तेथे टक लावून पाहणे असभ्य ठरते. प्रदर्शनाच्या दालनात तेवढी मुभा आणि सवड मिळते. अभिप्रायवहीत ‘उत्तम’ असे लिहून बाहेर पडण्याच्या घाईत ती दवडली, तर हानी छायाचित्रकाराची नव्हे, प्रेक्षकाची होते.