गरम पाण्याचा झरा आणि आरटीपीसीआर



सूक्ष्मजीव शिकवताना वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पण जंतू असतात का?" पालकसभेत मी हे कौतुकाने सांगितलं, तर एक पालक हसून म्हणाले, "असले जंतू शोधायला सरकारने पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. कर आपणच भरतो ना!

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम पाण्याचे झरे आहेत. १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तिथून एक जिवाणू मिळवला. ७० अंश सेल्सिअसला तो मजेत वाढतो! नाव थर्मस अ‍ॅक्वाटिकस. या कामाला पैसा दिला तिथल्या सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने. औषध बनवू, तपासणी शोधू, असं काही ठरलेलं नव्हतं. एवढ्या उष्णतेत जीव जगतो कसा, एवढंच कुतूहल.

पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या प्रती काढायची पीसीआर पद्धत सुचली. डीएनएचे दोन पदर सुटे करायला ते ९५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. मग विकर, म्हणजे एन्झाइम, प्रत्येक पदराला नवा जोडीदार तयार करतं. एकाचे दोन, दोनाचे चार... तीस फेऱ्यांत १०७ कोटींच्या वर. (गणिताच्या तासाला फळ्यावर करून बघाच.) अडचण ही की साधं विकर त्या उष्णतेत निकामी व्हायचं, दर फेरीला नवीन घालावं लागायचं. यलोस्टोनच्या जिवाणूचं विकर मात्र टिकलं, आणि पद्धत खऱ्या अर्थाने चालू लागली.

मुलिस एका खाजगी कंपनीत होते. त्या कंपनीने १९९१ मध्ये पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरना विकले. कंपन्या येतातच, पण फायदा दिसू लागल्यावर. कोरोनात आपण नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर तपासणी केली, ती या सगळ्यावर उभी होती. १९६६ ते २०२० म्हणजे ५४ वर्षं. एवढा काळ कुठली कंपनी वाट बघेल?

आपल्या देशाचा संशोधन आणि विकासावरचा सगळा खर्च, सरकारी-खाजगी मिळून, २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. मूलभूत संशोधन हा त्यातलाही एक भागच.

त्या पालकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "माझी स्वतःची तपासणी दोनदा झालीय, सर."