सही करण्याआधी वाचा: अमेरिकेत नव्याने आलेला जोडीदार आणि टॅक्स रिटर्न

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून अमेरिकेत शिकायला गेलेली आपली अनेक मुलेमुली आता तिथे नोकरीला लागली आहेत. लग्न होते, जोडीदार तिकडे जातो आणि काही महिन्यांतच प्रश्न येतो: टॅक्स रिटर्न कसे भरायचे? आम्हाला हा प्रश्न बहुतेक वेळा नवरा विचारतो. सही मात्र दोघांची लागते.

उदाहरण घेऊ. नवरा काही वर्षांपासून एच-१बी व्हिसावर आहे. बायको १० ऑक्टोबर २०२४ रोजी एच-४ वर पोहोचली. ३१ डिसेंबरला लग्न झालेले असेल तर अख्खे वर्ष विवाहित धरले जाते, त्यामुळे नवऱ्याला ‘सिंगल’ म्हणून रिटर्न भरता येत नाही. आता बायकोचे दिवस मोजायचे. चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सगळे, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३ दिवस भरले तर ती करापुरती ‘निवासी’. तिचे भरतात फक्त ८३. म्हणजे ती अनिवासी.

अशा वेळी नवऱ्याने वेगळे रिटर्न भरले तर २०२४ साठी प्रमाणित वजावट १४,६०० डॉलर. एकत्र भरले तर २९,२०० डॉलर. फरक मोठा आहे. एकत्र भरण्यासाठी मात्र दोघांच्या सहीचे निवेदन जोडावे लागते, की आम्हा दोघांनाही पूर्ण वर्ष निवासी धरा.

‘पूर्ण वर्ष’ हे शब्द नीट वाचा. तिने जानेवारीपासून पुण्यात किंवा नागपुरात कमावलेला पगार, एफडीचे व्याज, भारतात करमुक्त असलेले पीपीएफचे व्याजसुद्धा, सगळे अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावे लागते. भारतात भरलेल्या कराची सूट नियमांनुसार मागता येते. फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा आणि अमेरिकेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबरचे, म्हणून दर महिन्याच्या पगाराच्या पावत्या निघतानाच सोबत न्याव्यात. तिचा पगार चांगला असेल तर दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून मगच ठरवा.

एच-४ वर कामाचा परवाना नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर सहसा मिळत नाही. मग फॉर्म डब्ल्यू-७ भरून आयटीआयएन मागायचा, तोही रिटर्नसोबतच. या नंबरावर नोकरी करता येत नाही, तो फक्त करासाठी आहे. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवण्याचा सोपा सल्ला अनेक जण देतात. आमचा त्याला विरोध आहे. परक्या देशात तिची ओळख सांगणारा तो मुख्य कागद, तो कित्येक आठवडे दुसऱ्याच्या टेबलावर का असावा? आयआरएसची मान्यता असलेला ‘सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट’ किंवा आयआरएसचे ठरावीक मदत केंद्र पासपोर्ट तपासून तिथल्या तिथे परत देते.

सहीविषयी सर्वात कमी बोलले जाते. एकत्र रिटर्नवर सही केली की त्यातल्या संपूर्ण करासाठी दोघेही जबाबदार ठरतात, कमाई एकाचीच असली तरी आणि पुढे घटस्फोट झाला तरी. जोडीदाराने लपवलेल्या उत्पन्नाबाबत फॉर्म ८८५७ भरून दिलासा मागता येतो, पण तो मिळेलच असे नाही. ‘इथे सही कर’ एवढ्यावर सही करू नये. तिने आकडे स्वतः वाचावेत, प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवावी. नंबर मिळाल्यावर रिटर्नची नोंद आयआरएसकडून तिला विनाशुल्क मागवता येते. यात नवऱ्यावर अविश्वास नाही, कागद दोघांचा आहे.

नवरा अजून एफ-१ वर असेल तर वरचे गणित लागू होत नाही. विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस सहसा मोजलेच जात नाहीत. दोघेही वर्षभर अनिवासी असतील तर एकत्र रिटर्न भरता येत नाही. ‘मित्राने भरले, मीही भरतो’ इथेच अंगाशी येते.

नवरा निवासी असेल आणि त्याच्या नावावरच्या भारतातल्या सर्व खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबीएआर वेगळा भरावा लागतो. आईसोबतचे संयुक्त खातेही त्यात मोजायचे.

मुदत १५ एप्रिल. फॉर्म ४८६८ भरला तर रिटर्नसाठी १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो, पण कराची रक्कम एप्रिलमध्येच भरायची असते.