छोट्या विमानांचे वैमानिक आणि पगाराचा करार

वैमानिक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या आणि भरगच्च पगार उभा राहतो. हा समज सर्वस्वी खोटा नाही. पण सर्वस्वी खराही नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात अगदी पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत प्रवासी विमान चालवणाऱ्या कित्येक तरुण वैमानिकांना स्वतंत्र बिऱ्हाड करणे परवडत नसे. असे का होत होते, पगाराच्या वाटाघाटी तेथे कशा चालतात आणि अखेर पगार वाढला तो कशामुळे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. 'सामुदायिक सौदा' ही संज्ञा आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना व्याख्येपुरती पाठ असते. ती प्रत्यक्षात कशी दिसते हे समजण्यास या उदाहरणासारखे दुसरे उदाहरण मला आढळले नाही.

प्रादेशिक कंपनी म्हणजे काय?

अमेरिकेत अमेरिकन, डेल्टा, युनायटेड या मोठ्या विमान कंपन्या आहेत. लहान शहरांतून मोठ्या शहरांपर्यंत प्रवासी आणून सोडण्याचे काम मात्र त्या बहुतांशी प्रादेशिक कंपन्यांकडून करून घेतात. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, पीएसए, एंडेव्हर ही त्यांपैकी काही नावे. प्रवाशाच्या तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचे असते, विमानाचा रंगही तिचाच असतो. वैमानिकाचा पगार मात्र छोटी कंपनी देते.

या दोन कंपन्यांमधला करार ध्यानात घेतल्याशिवाय पगाराचे कोडे सुटत नाही. तिकिटे मोठी कंपनी विकते, भाडे तीच ठरवते आणि इंधनाचा खर्चही सामान्यतः तीच सोसते. छोट्या कंपनीला प्रत्येक उड्डाणामागे वा तासामागे ठरलेली रक्कम मिळते. म्हणजे विमान भरून गेले काय अन् रिकामे गेले काय, उत्पन्न तेवढेच. उत्पन्न वाढवता येत नाही तेव्हा नफ्यासाठी खर्च कमी करावा लागतो. इंधन हिशेबाबाहेर, विमानाचे भाडे बांधलेले; मग कात्री लावायला मुख्यतः पगारच उरतो.

शिवाय करार काही वर्षांचाच असतो. मुदत सरली की मोठी कंपनी तेच काम दुसऱ्या छोट्या कंपनीला देऊ शकते. त्यामुळे एका कंपनीच्या वैमानिकांना दुसरीच्या वैमानिकांशी झुंजवणे सोपे जाते. २०१३ साली पीएसएच्या वैमानिकांनी पगारात सवलती मान्य केल्या आणि नवी जेट विमाने त्यांच्या वाट्याला आली. २०१४ साली एन्व्हॉयच्या (तेव्हाची अमेरिकन ईगल) वैमानिकांनी तशाच सवलतींचा करार मतदानाने फेटाळला. गंमत अशी की या दोन्ही कंपन्यांची मालक एकच होती.

तासाचा हिशेब

वैमानिकाला पगार तासावर मिळतो. पण हा तास घड्याळाचा नव्हे. विमान फलाटावरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळच मोजला जातो. विमानाची तपासणी, हवामानाची माहिती, दोन उड्डाणांमधले ताटकळणे हा वेळ सामान्यतः पगारात धरला जात नाही. म्हणून दिवसाची ड्यूटी बारा तासांची असली, तरी पगाराचे तास पाच-सहाच भरतात.

हे वाचताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते मालमोटार चालवतात. त्यांना पैसे खेपेवर मिळतात. गोदामाच्या दारात माल भरण्यासाठी गेलेली रात्र कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही. मालमोटार आणि विमान यांत अंतर पुष्कळ आहे, पण न मोजलेला वेळ दोन्हीकडे चालकाच्याच खिशातून जातो.

आता आकडे पाहू. २००९ च्या सुमारास अनेक प्रादेशिक कंपन्यांत नव्या सहवैमानिकाचा दर तासाला वीस डॉलरच्या आसपास होता. महिन्याला किमान ७५ तासांची हमी धरली, तर महिन्याचे १,५०० आणि वर्षाचे १८,००० डॉलर होतात. परवान्यासाठी काढलेले हजारो डॉलरचे कर्ज याच रकमेतून फेडायचे.

मग ते सोडून का जात नसत? याचे उत्तर ज्येष्ठतेच्या यादीत आहे. विमान, मार्ग, सुटी, कॅप्टनपद हे सारे यादीतल्या क्रमांकावर ठरते. दुसऱ्या कंपनीत गेले की, अनुभव कितीही असो, क्रमांक तळापासून सुरू. आणि मोठ्या कंपनीत जाण्याची शिडी छोट्या कंपनीतूनच जात असल्यामुळे आजचे हाल उद्याच्या आशेवर सोसले जात.

न संपणारा करार

'करार' हा शब्द आपल्याकडे मराठीत आहे, कन्नडातही 'करारु' म्हणून आहे, आणि दोन्ही भाषांत कराराला मुदत असते. अमेरिकेतल्या वैमानिकांच्या कराराचे तसे नाही. तेथे १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. वाहतूक बंद पडू नये हा त्याचा हेतू. या कायद्याखाली करार संपत नाही. ठरलेल्या तारखेला तो फक्त 'बदलता येण्याजोगा' होतो. नवा करार होईपर्यंत जुनाच दर चालू राहतो.

वाटाघाटी फिसकटल्या तर प्रकरण राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाकडे जाते. मंडळाने सोडल्याशिवाय संप करता येत नाही आणि मंडळाने किती दिवसांत सोडावे याला बंधन नाही. मंडळ आधी लवाद सुचवते. एकाही पक्षाने तो नाकारला की तीस दिवसांचा थंडावण्याचा काळ सुरू होतो आणि त्यानंतर संपाचा मार्ग मोकळा होतो. तेव्हाही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून तो पुढे ढकलू शकतात.

या विलंबाचा लाभ कोणाला, हे उघड आहे. महागाई वाढते, दर जुनाच राहतो. रिपब्लिक कंपनीत २००७ साली बदलता येण्याजोगा झालेला करार २०१५ साली नवा झाला. संपापर्यंत गोष्ट गेल्याचे ठळक उदाहरण कोमएअरचे. डेल्टाच्या मालकीच्या या प्रादेशिक कंपनीत मार्च २००१ मध्ये सुमारे तेराशे वैमानिक संपावर गेले आणि ८९ दिवस कंपनीची उड्डाणे बंद राहिली. वैमानिकांना पगारवाढ मिळाली. पण पुढे २००५ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कायमची बंद झाली.

एक अपघात आणि एक कायदा

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान बफेलो शहराजवळ एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला १ असे ५० जीव गेले. चौकशी मंडळाने कारण नोंदवले ते असे : वेग घटल्याचा इशारा मिळताच कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद. पगार हे कारण म्हणून नोंदवलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु चौकशीत देशाला प्रथमच कळले की सहवैमानिक तरुणी सिएटलला आईवडिलांकडे राहत होती आणि कामावर येण्यासाठी आदल्या रात्री विमानांतून अख्खा देश ओलांडून आली होती. थकवा आणि पगार यांचा संबंध तेव्हापासून उघडपणे चर्चेला आला.

मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला आणि २०१० साली कायदा झाला. सहवैमानिकाला पूर्वी २५० तासांच्या उड्डाणावर नोकरी मिळू शके; २०१३ पासून सामान्यतः १,५०० तास आवश्यक झाले. लष्करी वैमानिकांना व विमानविद्येच्या पदवीधरांना यात काही सूट आहे. कंपन्यांचा आक्षेप असा की, कोल्गनच्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० पेक्षा अधिकच होते. मग या अटीने काय साधले? आक्षेप अगदीच पोकळ नाही.

पगार वाढला तो कसा?

येथे अर्थशास्त्राचा पहिला धडा उपयोगी पडतो. कायद्यात पगाराबद्दल एक अक्षरही नव्हते. पण त्याने पुरवठा आटवला. २०१६ साली रिपब्लिकने दिवाळखोरी जाहीर करताना वैमानिकांच्या टंचाईचे कारण दिले. २०२० च्या महामारीत मोठ्या कंपन्यांनी अनेकांना मुदतपूर्व निवृत्त केले, आणि प्रवासी परतताच छोट्या कंपन्यांतले कॅप्टन ओढून नेले. जून २०२२ मध्ये एन्व्हॉयने नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलर केला. वरच्याच रीतीने गुणले, तर वर्षाला ८१,००० डॉलर! जे वर्षानुवर्षांच्या मध्यस्थीने झाले नाही, ते टंचाईने थोड्या काळात केले.

याची दुसरी बाजूही आहे. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने सरकारी अनुदानावर चालणारी २९ लहान गावांची सेवा थांबवण्याची नोटीस दिली; वैमानिक नाहीत हेच कारण. कमी पगाराच्या काळात स्वस्त सेवेचा भार वैमानिक वाहत होता. आता तो गावांवर आला.

आपल्या दृष्टीने

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उडान योजनेत लहान शहरांच्या सेवेला अनुदान मिळते. सांबऱ्याला येणाऱ्या स्टार एअरने जी एम्ब्रेअर विमाने घेतली, त्याच जातीची विमाने अमेरिकेतल्या प्रादेशिक कंपन्याही चालवत आल्या आहेत. स्वस्त तिकिटाचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल.

माझे मत थोडक्यात असे. टंचाईने दिलेला पगार विपुलता परत नेऊ शकते. टिकतो तो करारात लिहिलेला दर. म्हणून मध्यस्थीला कालमर्यादा असावी आणि कामाचा प्रत्येक तास मोजला जावा. आम्ही पदवी घेऊन उद्या नेमणूकपत्रांवर सह्या करणार आहोत. त्या पत्रात पगाराचा आकडा सर्वांत आधी दिसेल; पण तो किती तासांचा आणि कोणते तास धरून, ही ओळ शोधून वाचावी, एवढीच मित्रांना विनंती.