गुणसूत्रे सांगतात किरणांची मात्रा

जालना म्हटले की बियाणे आणि पोलाद आठवते. येथील भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवून सळया बनवतात. या भंगारात एखादी किरणोत्सारी वस्तू आली तर? एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असेच घडले. जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० भंगारात पोचले. एक कामगार दगावला, काहींना गंभीर इजा झाली. भंगार फोडणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला नसतो. मग त्याच्या शरीराने किती प्रारण शोषले हे कसे कळणार? उत्तर त्याच्याच रक्तात असते.

प्रारण पेशीतून जाताना अणूंमधील इलेक्ट्रॉन उडवते. यालाच आयनीभवन म्हणतात. हा आघात कधी थेट डीएनएवर होतो, तर कधी पाण्याच्या रेणूंपासून बनलेले क्रियाशील मूलक डीएनए तोडतात. एकच धागा तुटला तर समोरचा धागा पाहून पेशी तो सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले की काम कठीण होते. १ ग्रे मात्रेच्या गॅमा किरणांनी एका पेशीत सुमारे १००० एकेरी आणि ४० दुहेरी तुटी होतात.

सर्व प्रारणे मात्र सारखी नाहीत. गॅमा आणि क्ष-किरण शरीरात खोलवर जातात, पण वाटेतले आयनीभवन विरळ असते. बीटा कणांचेही तसेच. फक्त ते शरीरात काही मिलिमीटरच शिरतात. अल्फा कणाला त्वचेचा मृत थरही अडवतो. परंतु रेडॉन वायूबरोबर तो फुप्फुसात पोचला, तर आखूड वाटेवर दाट आयनीभवन करतो. न्यूट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकांना धक्का देऊन असाच दाट मारा घडवतात. म्हणून समान मात्रेत अल्फा आणि न्यूट्रॉन गुणसूत्रांची अधिक हानी करतात.

दोन गुणसूत्रे तुटून त्यांची टोके चुकीची जुळली, तर दोन गुणसूत्रबिंदू असलेले एक जोड-गुणसूत्र तयार होते. हीच आपली खूण. ती शोधण्यासाठी रक्तातील लसिकापेशी घेतात. एरवी त्या विभाजन पावत नाहीत; राजम्यातील एक प्रथिन त्यांना विभाजनास प्रवृत्त करते. सुमारे ४८ तासांच्या संवर्धनात, शेवटी कोल्चिसिन घालून विभाजन मध्येच थांबवतात. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही हे द्रव्य असते. मग सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशी तपासतात. निरोगी माणसाच्या हजार पेशींत असे जोड-गुणसूत्र एखादेच दिसते; गॅमा किरणांची १ ग्रे मात्रा सर्वांगाला मिळाली असेल, तर शंभर पेशींत आठ-दहा. या मोजणीवरून उपचारांची दिशा ठरवायला मदत होते. अशा पेशी काळाबरोबर नाहीशा होतात, म्हणून रक्त लवकर घ्यायला हवे.

वर्गात दोन रंगांच्या कागदी पट्ट्यांवर मधोमध एकेक ठिपका काढावा, पट्ट्या कापून तुकडे निरनिराळ्या प्रकारे जोडून पाहावेत. दोन ठिपक्यांची पट्टी बनली की ठिपका नसलेला तुकडा बाजूला उरतो. पेशीविभाजनात असा तुकडा हरवतो आणि त्यावरील जनुकेही जातात. त्याच तासाला किरणोत्साराचे तीन पात्यांचे चिन्हही फळ्यावर काढून दाखवावे. भंगारात ते दिसले, तर वस्तू न उघडता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.