गुडघ्याविना एव्हरेस्ट

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत कुणी गेले नाही असे गाव सापडणे कठीण. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारी भावंडे आप्पा म्हणतो, तेही पलटणीत होते. एका पायाने अधू होऊन ते घरी परतले, त्याला पुष्कळ वर्षे झाली. गावाने त्यांना कधी काही कमी पडू दिले नाही. पारावर पहिली जागा त्यांची, पंगतीत पहिले पान त्यांचे. परंतु विहिरीवरची मोटार सुरू करायला ते उठले, की चार जण धावतात. "आप्पा, तुम्ही बसा." हे शब्द ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्याचा अर्थ मात्र मला उमगला तो हरी बुढा मगर या माणसाची हकीकत वाचल्यावर. त्यांची ओळख करून देण्यासाठी हा लेखप्रपंच.

हरी बुढा मगर यांचा जन्म १९७९ साली नेपाळच्या रोल्पा जिल्ह्यातील मिरुल या डोंगरी गावी झाला. शाळेला जायचे तर पाऊण तास अनवाणी चालावे लागे. अकराव्या वर्षी त्यांचे लग्नही लावून देण्यात आले. १९९९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ते ब्रिटिश सैन्याच्या गुरखा पलटणीत दाखल झाले. माझे आजचे वय तेच! नेपाळी तरुणांच्या या भरतीची परंपरा १८१५ पासूनची. १९४७ साली दहा गुरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे राहिल्या आणि चार ब्रिटनकडे गेल्या. पाठीवर ओझ्याची टोपली घेऊन डोंगर धावत चढणे ही या भरतीची प्रसिद्ध परीक्षा. म्हणजे मगर यांच्या पायांनीच त्यांना घराबाहेरचे जग दाखविले, असे म्हटले तरी चालेल.

तेच पाय १७ एप्रिल २०१० रोजी गेले. अफगाणिस्तानात गस्त घालीत असताना जमिनीत पेरलेल्या स्फोटकावर त्यांचे पाऊल पडले आणि दोन्ही पाय गुडघ्यांच्या वर कापावे लागले. अपंगत्व हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ आणि अपंग माणूस म्हणजे भुईला भार, अशा समजुतीत आपण वाढलो, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. आता तीच नजर ते स्वतःकडे वळवू लागले. दारू जवळ केली, जीव नकोसा झाला. यातून त्यांना बाहेर काढले ते धाडसाने. विमानातून छत्रीच्या साहाय्याने उडी घेतली, मग बर्फावरून घसरणे आणि नाव वल्हविणे शिकले, आणि शेवटी डोंगर चढू लागले. "मला हे करता येते" असा प्रत्येक वेळी मिळालेला पुरावा, हेच त्यांचे औषध ठरले.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दोन्ही पाय गमावलेले गिर्यारोहक एव्हरेस्टवर याआधीही पोचले होते. न्यूझीलंडचे मार्क इंग्लिस २००६ मध्ये आणि चीनचे शिया बोयू २०१८ मध्ये. परंतु त्या दोघांचे गुडघे शाबूत होते. पायरी चढताना मांडीचा स्नायू गुडघा सरळ करतो आणि आपले सारे वजन वर उचलले जाते. गुडघाच नसेल तर हे काम कंबरेवर आणि हातांवर येऊन पडते. ताठ कृत्रिम पाय बाजूने फिरवून पुढे टाकावा लागतो. उतरताना गुडघा वाकवून धक्का झेलता येत नाही, त्यामुळे उतार तर चढापेक्षाही कठीण. मगर आखूड कृत्रिम पाय लावून चढतात आणि इतरांच्या तिप्पट वेळ लागतो असे सांगतात. याच रीतीने त्यांनी २०१७ मध्ये ६,४७६ मीटर उंचीचे मेरा शिखर गाठले.

आणि मग आडवा आला तो डोंगर नव्हे, नियम! डिसेंबर २०१७ मध्ये नेपाळ सरकारने दोन्ही पाय नसलेल्या व अंध व्यक्तींना आणि एकट्याने चढणाऱ्यांना एव्हरेस्टसारख्या मोहिमांची बंदी केली. कारण दिले सुरक्षिततेचे. डोंगरावर माणसे मरतात हे खरेच. पण एरिक वायहेनमायर हे अंध गिर्यारोहक २००१ सालीच एव्हरेस्ट चढून आले होते! मगर यांनी या बंदीविरुद्ध उघड आवाज उठविला. प्रकरण नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली. पुढे कोरोनाच्या साथीत आणखी काळ गेला. अखेर १७ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे पाय गेले त्याला बरोबर तेरा वर्षे झाली त्या दिवशी, त्यांची चढाई सुरू झाली. १९ मे २०२३ रोजी दुपारी ते ८,८४८.८६ मीटर उंचीच्या माथ्यावर पोचले. गुडघ्यांवरून दोन्ही पाय गमावलेला मनुष्य तेथे पोचण्याची ही पहिलीच वेळ.

ही मोहीम केवळ कीर्तीसाठी नव्हती. एव्हरेस्टच्या उंचीच्या आकड्यावर दोन शून्ये चढवून ८,८४,९०० पौंडांचा निधी जमविण्याचा संकल्प त्यांनी केला होता. तो माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थांकरिता. त्यांतील गुरखा वेल्फेअर ट्रस्ट ही संस्था १९६९ सालची. पेन्शन मिळण्याइतकी वर्षे भरण्याआधीच सेवेतून मोकळे केलेले कितीतरी गुरखे म्हातारपणी रिकाम्या हाताने डोंगरात राहत होते. ही संस्था अशांना दरमहा रक्कम आणि औषधपाणी पुरविते. स्वतःचे पाय गमावलेला माणूस दुसऱ्यांसाठी झोळी पसरतो, तेव्हा देणाऱ्याला त्याची कीव करता येत नाही.

मित्रहो, मगर एकटे चढले नाहीत. माजी सैनिक कृष्ण थापा त्यांच्या मोहिमेचे नेते होते, शेर्पा साथीला होते. मग सरकारच्या बंदीत आणि शेर्पांच्या मदतीत फरक कोणता? दोघांनाही त्यांच्या जिवाचीच काळजी होती. पण शेर्पाने दोर बांधून दिला आणि चढायचे काम मगर यांच्याकडेच ठेवले. बंदीने ते कामच काढून घेतले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. "पोरीला कशाला त्रास?" हे मीही मायेच्या तोंडूनच ऐकले आहे, म्हणून हा फरक मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ही सारी हकीकत मी आप्पांना सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "उतरला कसा?" मी गुडघ्याचे सांगितले. ते बराच वेळ आपल्या पायाकडे पाहत राहिले. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बारा वाजता आप्पा काठी घेऊन उठले. वडील अंथरुणातून हाक मारणार, तोच मी त्यांना खुणेने थांबविले आणि बॅटरी घेऊन आप्पांच्या मागे निघाले. बांधापर्यंत आम्हाला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. मोटार आप्पांनी सुरू केली.