खाज एकाला, औषध सगळ्यांना

एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पला तुमच्यापैकी बरेच जण कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीत जाऊन आले असतील, नाहीतर यंदा जाल. कार्यक्रम ठरलेला असतो. श्रमदान, प्रभातफेरी आणि हात धुण्यावर एक पथनाट्य. करा की, मजा येते. पण जवळच्या आश्रमशाळेत गेलात, तर पोरांच्या बोटांच्या बेचक्यांकडेही जरा बघा. तिथे बारीक पुरळ आणि खाजवून काढलेले ओरखडे दिसले, तर ती खरूज असू शकते. ती नुसते हात धुऊन जात नाही.

खरूज 'घाणेरड्या' मुलांना होते, हा समज आपल्या डोक्यात घट्ट बसलाय. खरं कारण म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटरचा एक किडा. त्याची मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. रोज अंघोळ करणाऱ्यालाही ती सोडत नाही. तिला फक्त शेजारी चिकटून झोपलेलं दुसरं अंग लागतं, आणि वसतिगृहात ते असतंच. त्यात पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर पोरगं ठणठणीत दिसतं आणि बाजूच्याला खरूज देत राहतं.

शहरातल्या शाळा सरळ सांगतात, मूल आजारी आहे, घरी ठेवा. पाथरज किंवा भालिवडीसारख्या ठिकाणच्या आश्रमशाळेत हे सांगणार कसं? दिवाळीनंतर इथली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीतल्या घराला कडी. पोराला पाठवायचं कुठे? म्हणजे आजार थांबवायचा तो शाळेतच.

आणि तो थांबतो. डॉक्टर सहसा ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा, रात्री लावायचं, सकाळी अंघोळ करायची आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या. जे धुता येत नाही ते पिशवीत तीन-चार दिवस घट्ट बांधून ठेवायचं, कारण अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच तगतो. मुख्य गोष्ट म्हणजे हे सगळं एकाच रात्री, खोलीतल्या सगळ्यांनी करायचं, खाज असो वा नसो. एकट्या पोराला ट्यूब दिली, तर पुढच्या आठवड्यात शेजारचा त्याला खरूज परत देतो.

फिजीच्या बेटांवर हे तपासून झालंय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे फक्त खरूज झालेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना औषध दिलं, तिथे वर्षभरात प्रमाण ३७ टक्क्यांवरून १९ वर आलं. जिथे सरसकट सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या, तिथे ३२ वरून २ टक्क्यांच्याही खाली. (गोळ्या कोणाला चालतात हे डॉक्टरच ठरवणार. व्हॉट्सॲप नाही.)

'खाजच तर आहे' म्हणून सोडू नका. रात्रभर झोप नाही, तर वर्गात लक्ष कुठून लागणार? ओरखड्यांत जंतू शिरले की जखमा चिघळतात, आणि त्यातून कधीकधी मूत्रपिंडाला सूज येते.

तुम्ही डॉक्टर नाही, मलम वाटायला जाऊ नका. आधी अधीक्षकांशी बोला. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक यायला हवं. तुमच्याकडे पन्नास जोडी हात आहेत, ते पाणी तापवायला, चादरी धुवायला आणि हजेरीपटावर कोणाला मलम लागलं याची खूण करायला द्या. पोरांच्या हातांचे फोटो मात्र स्टेटसला टाकू नका, प्लीज.

आणि तारखा आत्ताच जुळवून घ्या. कॅम्प सात दिवसांचा, मलमाचा दुसरा हात आठव्या दिवशी. त्या दिवशी तुम्ही घरी गादीवर लोळत असाल. पहिल्याच रात्री सुरुवात करता आली तर उत्तम. तरीही दोघा-तिघांनी कर्जतची लोकल पकडून तेवढ्यासाठी परत यायचं, हजेरीपट घेऊन.