जात, भेदभाव आणि मन: काही गैरसमज

गैरसमज: भेदभावाने मन खचतं ही गोऱ्या-काळ्यांच्या देशातली गोष्ट, आपला काय संबंध?

वस्तुस्थिती: संबंध थेट सातारा जिल्ह्याशी आहे. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव (पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर) भाऊ-भाचरांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनात उतरले. अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागले. जात कळताच ते बाजूला झाले. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण पाण्याचा घोट रात्रभर मिळाला नाही. साताऱ्याच्या शाळेतही शिपाई नसला की त्यांना पाणी मिळत नसे. हा प्रवास मनावर कायमचा कोरला गेला, असं बाबासाहेबांनी तीन दशकांनंतर लिहून ठेवलं. २०१५ मध्ये जगभरातल्या २९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वंशभेद सोसणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, असं तोही सांगतो.

गैरसमज: आता जात कोण पाळतं? कुणी बोललंच तर मनाला लावून घेऊ नये.

वस्तुस्थिती: कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं जवळपास बरोबरीत राहिली. मग सगळ्यांसमोर जात पुकारली आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, बुद्धीही तीच. शिवी नाही, मार नाही, नुसतं पुकारणं पुरलं. अशा मुलाला ‘मन घट्ट कर’ म्हणणं अन्यायाचं आहे.

गैरसमज: काही जमाती जन्मजात गुन्हेगार असतात.

वस्तुस्थिती: हा शिक्का इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो पुसला, पण रामोशी, कैकाडी, पारधी घरांतल्या पोरांकडे आजही संशयाने पाहिलं जातं. गावात चोरी झाली की आधी आपलं दार वाजेल, या धास्तीत वाढणाऱ्या पोराला शांत झोप कुठून लागणार? फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) वाचा, म्हणजे हे जगणं कळेल.

गैरसमज: ओळख लपवली की त्रास संपतो.

वस्तुस्थिती: लपवणाऱ्याला सतत सावध राहावं लागतं, तोही ताणच. उलट वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी ‘फकिरा’ कादंबरीत आपल्याच माणसांना नायक केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एकाच वसतिगृहात, एका पंगतीत बसवलं. मनाला बळ अशा ठिकाणी मिळतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे कुणाच्या जाती-धर्मावरून मानसिक आजार ठरवता येत नाही आणि उपचारांत भेदभावही करता येत नाही. बोलावंसं वाटलं तर ‘टेलिमानस’ या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि सातारा-सांगलीच्या शिक्षकांना एक विनंती: शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना भर वर्गात जातीने नावं पुकारू नका. मुलांना एकेकटं बोलावून घ्या.